रस्त्यापलीकडची मूर्ती

दुसरबीड
९ एप्रिल २०२५

चि. मनालीस,
जयभीम.

मामा पुन्हा पत्र लिहायला बसला म्हणून हसू नकोस. फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं मला ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. मागे तू 'खोकला झालाय' म्हणालीस आणि मी 'खोका सुटलाय', म्हणजे मूर्ती सुटली, असं समजून विहारात सगळ्यांना बातमी देऊन मोकळा झालो. तुझी मामी अजून त्यावरून मला चिडवते. तेव्हा बाई, तूही पत्रच लिही. पोस्टात उभी हयात गेली, कागदावर लिहिलेलं मला पटतं. पूर्वी मी गावातल्यांना त्यांच्या मुलांची पत्रं वाचून दाखवायचो, आता विहारात माझ्या भाचीचं वाचून दाखवीन.

तर कामाचं. निवृत्तीनंतर गोदामाची ही नोकरी धरली तेव्हा वाटलं होतं, सकाळी कुलूप काढायचं आणि संध्याकाळी लावायचं. पण बॉण्डेड गोदाम म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं. परदेशातून आलेला माल ड्युटी न भरता इथे ठेवायचा, आणि बाहेर काढायचा तर ड्युटी भरून कस्टम्सचा कागद आणायचा. कागदावर ज्या खोक्याचा नंबर, तेवढंच खोकं बाहेर. नागपूरच्या आयातदाराने वेगवेगळ्या गावांच्या विहारांसाठी थायलंडहून आणलेल्या बुद्धमूर्ती सध्या माझ्या ताब्यात आहेत. आपल्या विहाराची मूर्ती त्यांच्यातच आहे, आणि तिचा कागद तुमच्या कस्टम्स एजंटच्या ऑफिसातून निघायचा आहे.

गोदामाच्या दारात उभा राहिलो की रस्त्यापलीकडे विहाराचा पंचशील ध्वज दिसतो. एवढंच अंतर. पंचफुलाबाई रोज येऊन विचारते. तिला म्हटलं, मूर्ती गावात आली आहे, पण कायद्याच्या लेखी ती अजून देशात आलेली नाही. तर म्हणते, "मंग कुठी हाये ते? आभायात?"

तुझ्या आईला आणि मला या बाईने कडेवर खेळवलं आहे. मूर्तीसाठी घरोघर तीच फिरली, चित्रं बघून पसंतही तिनेच केली. वैशाख पौर्णिमेला, १२ मे रोजी, मूर्ती बसवायची असं ठरलं आहे. कागद कधी येईल ते कळव. मला बसल्या जागी चैन नाही.

तुझा,
प्रेमानंदमामा

०

पनवेल
१६ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि सगळा स्टाफ ते पाहायला जमला. हाताने लिहिलेलं पत्र त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "अक्षर काय आहे, वा! यांना आपल्याकडे घ्या." मी म्हटलं, ते आधीच आपल्या मानगुटीवर बसले आहेत, रोज कागद मागतात.

चैन पडू द्या. आयातदाराचा निरोप आला, 'दुसरबीडची मूर्ती सोडा.' कागद मी स्वतःच केला. थायलंडच्या यादीत गावांची नावं नाहीत, नुसती मुद्रा आणि खोक्याचा नंबर. पण मला शोधावं लागलं नाही. आपल्या घरच्या मूर्तीसारखी, मांडीवर हात ठेवून ध्यानाला बसलेली, तीच ना? लगेच सापडली. आठवड्याभरात गोदामाच्या कॉम्प्युटरवर कागद येईल.

तोवर एक गोष्ट पाळा. कागद आल्याशिवाय खोकं दाराबाहेर एक पाऊलही जाता कामा नये. परवाना मालकाचा असला तरी गोदामपाल म्हणून नाव तुमचं आहे, आणि कस्टम्सला भावना कळत नाहीत.

आणखी एक बातमी, आईलाही अजून सांगितलेली नाही. साहेब पुढच्या महिन्यात माझं नाव कस्टम्सच्या कार्डासाठी पाठवणार आहेत. ते कार्ड गळ्यात आलं की मी साहेबांच्या मागे फायली धरून नाही, स्वतःच्या नावाने अधिकाऱ्यासमोर उभी राहीन. मामा, मला ते कार्ड इतकं हवं आहे की रात्री स्वप्नातही माझा फोटो त्यावर नीट येत नाही.

तुमची,
मनाली

०

दुसरबीड
२४ एप्रिल २०२५

चि. मनालीस,
जयभीम.

कागद आला. पण अमडापूरचा!

खोकी उतरवून घेतली तेव्हाच आयातदाराच्या माणसाला विचारून मी प्रत्येकावर खडूने गावाचं नाव टाकलं होतं. कागदावरचा नंबर पाहिला, खोक्यावरचा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. अमडापूरच. नियमाप्रमाणे त्यांना कळवलं. ते बँड घेऊन आले आणि आपल्या विहारासमोरून वाजतगाजत मूर्ती घेऊन गेले. आमच्या मंडळींनी फुलं टाकली, जयघोष केला, आणि टेम्पो वळल्यावर सगळे माझ्याकडे वळले. अमडापूरकरांनी ऑर्डर आमच्यानंतर दिली होती, मग त्यांची मूर्ती आधी कशी सुटली? प्रसेनजित, आपला विहार समितीचा सचिव, तोंडावर म्हणाला, "काका, तुमची भाची तिथी बसून काय करून राह्यली?"

मी त्याला चांगलाच झापला. म्हटलं, तिचं पत्र वाचलं ना मी? तिने लिहिलंय ना, कागद केला म्हणून?

हां, त्या पत्रात एक गंमत झाली आहे. तू 'ध्यानाला बसलेली' असं लिहिलंस. ती अमडापूरची. आपली भूमिस्पर्श मुद्रेतली आहे, उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला लागलेली. पंचफुलाबाईने चित्रं पाहताना त्याच हातावर बोट ठेवलं होतं. तिचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेलं. म्हणाली, "हा आपला. याचा हात मातीले लागलेला हाये." मग बाकीची चित्रं कोणी उलटून पाहिलीच नाहीत.

घाईत लिहिताना तुझी गल्लत झाली असेल. पत्रात होते. कागदात तू गल्लत करणारी नाहीस, हे मी सगळ्यांना ठासून सांगितलं आहे. आता आमचा कागद कुठे अडला ते सविस्तर लिही, म्हणजे वाचून दाखवता येईल.

तुझा,
प्रेमानंदमामा

०

पनवेल
२ मे २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. इथे उकाडा फार आहे, ऑफिसचा एसी बिघडला, त्यात दोन जण रजेवर. जेवायलाही उशीर होतो. मामींना सांगा, त्यांनी दिलेल्या कुरडया अजून पुरवून खाते आहे.

तुमच्या कागदाचं असं आहे की त्यांचा क्रम कस्टम्स ठरवतं. आधी कोणी ऑर्डर दिली, नंतर कोणी दिली, हे तिथे पाहत नाहीत. ऑफिसच्या हातात ते नसतं. तुमचा कागद रांगेत आहे. अमडापूरचा आधी निघाला म्हणून कोणावर रागावण्यात अर्थ नाही.

पण मी आधी लिहिलं ते विसरू नका. कोणीही आग्रह केला तरी कागदाशिवाय खोकं हलवू नका. गोदामाचा परवाना जाईल आणि केस तुमच्यावर होईल. हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

बाकी ठीक.

तुमची,
मनाली

०

दुसरबीड
६ मे २०२५

चि. मनालीस,
जयभीम.

तुझं पत्र विहारात वाचलं. रांगेचं ऐकून लोकांचं समाधान झालं. रांग म्हटली की आपल्या माणसाला पटतं, जन्मभर उभा राहिलेला असतो.

प्रसेनजितचं मात्र झालं नाही. नंतर गोदामावर आला. म्हणाला, "काका, रस्ता तं ओलांडाचा हाये. पौर्णिमेपुरती नेतो, दुसऱ्या दिवशी हाये तशी आणून ठिवतो. कोण पाहून राह्यलं?"

खरं सांगू? माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला होता. मग तुझी ओळ आठवली. एक पाऊलही नाही. त्याला म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "तुमी आमचे का कष्टमचे?" आणि निघून गेला. पोरगा वाईट नाही. त्याच्या आजीने पहिली विटेची टोपली वाहिली आहे त्या विहारासाठी.

तुझं अक्षर या खेपेला तिरकं आलं आहे. मामीचं म्हणणं, पोरीचं कुठंतरी जमलं असणार, म्हणून जेवणाकडे लक्ष नाही. तसं असेल तर मनमोकळेपणाने सांग, मी तुझ्या आईला समजावतो. मामीने लाडू केले आहेत, पार्सल सोबत पाठवतो. पत्त्यावर पिनकोड मी स्वतः घातला आहे, हरवणार नाही.

पौर्णिमा तोंडावर आली आहे. काहीतरी कळव.

तुझा,
प्रेमानंदमामा

०

पनवेल
९ मे २०२५

मामा,

तसलं काही जमलेलं नाही. लाडू पोचले.

पौर्णिमेच्या आत कागद येणार नाही. पण तुम्ही खोकं हलवू नका. माझ्यासाठी हलवू नका. बाकी मग लिहीन.

मनाली

०

दुसरबीड
१४ मे २०२५

चि. मनालीस,
जयभीम.

पोस्टाला सुटी होती, तरी पोस्टमनने जुन्या ओळखीने तुझी चिठ्ठी ऐन पौर्णिमेच्या दिवशी सकाळी आणून दिली. हलवलं नाही. तुझा शब्द पाळला.

विहारात फोटो ठेवून कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील दरवर्षी मी म्हणवून घेतो. माझा आवाज बसका आहे, पण लोकांना सवय झाली आहे. यंदा प्रसेनजितने माईक दुसऱ्याच्या हाती दिला. कोणी अपशब्द बोललं नाही. मी जयभीम घातला तर दोघा-तिघांनी घेतला, बाकीचे चपला शोधत होते. चपला समोरच होत्या. मग मी उठून रस्ता ओलांडला आणि गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. माईकवरचं सगळं तिथपर्यंत ऐकू येत होतं. मला, बहिऱ्याला! मीही मनातल्या मनात म्हणत होतो.

मला वाईट वाटलं, मनाली. फार वाईट वाटलं. ज्यांच्या मुलाबाळांच्या नोकरीचे कागद मी पावसात सायकलवरून पोचवले, त्यांना आज वाटतं की मी मोठ्या दाराचा माणूस झालो. तुझी मामी म्हणते, किल्ली मालकाच्या अंगावर फेका आणि घरी बसा. पण किल्ली फेकली तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल.

खीरदान झाल्यावर पंचफुलाबाई एकटी माझ्याकडे आली. म्हटलं, आता ही काय बोलणार. तिने विचारलं, "कोणत्या बाजूले हाये तो?" मी शटरच्या उजवीकडे दाखवलं. बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही, हे तिला आता पाठ झालं आहे. ती शटरसमोर मातीत बसली. उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडला, जमिनीला टेकवला. म्हणाली, "तो आतमंदी बसला, मी भाईर बसते." ऊन चढेपर्यंत बसली. खीर तिने माझ्यासाठी पदराआड झाकून आणली होती.

तुझी रांग कुठवर आली? अजून किती जण आहेत आपल्या पुढे?

तुझा,
प्रेमानंदमामा

०

पनवेल
१९ मे २०२५

ती. मामांस,
जयभीम.

रांग नव्हती. आपल्या पुढे कोणीच नव्हतं. मागेही नव्हतं.

चूक माझी आहे. आयातदाराने दुसरबीडची मूर्ती सोडा म्हटलं, आणि मी आपल्या घरातली मूर्ती डोळ्यांसमोर आणून ध्यानमुद्रेचा नंबर टाकला. एक फोन करून विचारलं असतं तर झालं असतं. विचारलं नाही, कारण मला वाटलं, माझ्याच गावाची मूर्ती, मला कोण सांगणार! तुमच्या २४ तारखेच्या पत्रात हात मातीला लागलेला आहे हे वाचलं आणि मी फाइल काढून नंबर ताडून पाहिला. आयातदाराला वाटत होतं, दुसरबीडची गेली. साहेबांना वाटत होतं, काम झालं. तुमचा कागद कुठेच नव्हता, मामा. कोणी करतच नव्हतं.

त्याच दिवशी सांगता आलं असतं. पण कार्डासाठी माझं नाव जायचं होतं. विचार केला, आज ना उद्या अमडापूरची मूर्ती सोडा असा निरोप येईल, तेव्हा गुपचूप आपला नंबर टाकीन, कोणाला कळणार नाही. निरोप आला नाही; अमडापूरकरांना मूर्ती मिळालीच होती, ते कशाला मागतील? मी रोज त्याची वाट पाहत होते आणि तुम्हाला नियम शिकवत होते. नियम खरा होता. पण मी तो माझ्या चुकीवर झाकण म्हणून वापरला, आणि त्या झाकणावर तुम्हाला बसवलं.

तुमचं पत्र वाचून मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आयातदाराला फोन लावला, त्याच्या होकाराने नवा कागद माझ्याकडूनच करवून घेतला, आणि कार्डाच्या यादीतून माझं नाव काढलं. यंदा नाही, म्हणाले. नोकरी आहे. कागदावर आता आपला नंबर आहे, तिघांनी तपासला आहे.

माझी एकच विनंती आहे. हे पत्र विहारात वाचून दाखवा. सगळं. प्रसेनजितदादा समोर असताना. तुमचा जयभीम ज्यांनी घेतला नाही त्यांना कळू द्या, कोणामुळे झालं. पंचफुलाआजीसमोर यायचं तोंड मला नाही.

तुमची,
मनाली

०

दुसरबीड
१२ जून २०२५

चि. मनालीस,
जयभीम.

तुझ्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, ते मुद्दामच. वाचलं त्या दिवशी मी ताटावरून उठलो. मामीने विचारलं तर म्हटलं, पोट बिघडलं. तुझ्यावर मी आजवर रागावलो नव्हतो, त्यामुळे राग कसा धरायचा हेही कळेना. चूक झाली त्याचं मला काही नाही. पोस्टात माझ्या हातूनही पत्रं चुकीच्या दारी गेली आहेत. पण 'रांगेत आहे' हे तू मला वाचून दाखवायला लावलंस, माझ्या तोंडून, माझ्या माणसांसमोर. ते लागलं.

कागद आला. नंबर पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. आपला होता. काल ज्येष्ठ पौर्णिमेला मूर्ती बसवली. रस्ता ओलांडताना प्रसेनजितने दोन्हीकडचे ट्रक थांबवले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले, मग खोक्याच्या फटीतून आत काय आहे ते पाहून गाड्या बंद करून खाली उतरले. खोकं विहारात उघडलं. पितळेवर भुसा बसला होता, पंचफुलाबाईने पदराने पुसला. आधी हात पुसला, मग तोंड. त्रिशरण-पंचशील मीच म्हणवून घेतलं. माईक प्रसेनजितने आणून दिला.

आता तुझ्या विनंतीचं. पत्र वाचलं. सगळ्यांसमोर वाचलं, पण सगळं नाही. लोकांची पत्रं वाचून दाखवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मुलाने बापाला लिहिलेलं सगळंच बापाला वाचून दाखवायचं नसतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. 'कागदात आपला नंबर आहे, तिघांनी तपासला' एवढं वाचलं, आणि उशिराचं कारण म्हणून सांगितलं की गोदामाकडून नंबर नीट कळवायला मी चुकलो. लोक थोडं बोलले. मग म्हणाले, जाऊ द्या काका, मूर्ती आली ना. मी न केलेल्या चुकीची माफी मला मिळाली, ती खिशात घालून घरी आलो.

वाटेत पंचफुलाबाईने गाठलं. तिला अक्षर कळत नाही. म्हणाली, "पोस्टमास्तर, पानं तं दोन्हीकून भरलेले व्हते. तुमी वाचलं चार वळी. बाकीचं काऊन ठिवलं?"

मी म्हटलं, घरचं आहे. तर ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मी काय भाईरची हाये?"

तिला पूर्ण वाचून दाखवलं. तुझी शेवटची ओळ तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "घ्या पेन. माहं लिहा." तिच्या मुलाला पत्र लिहवून घ्यायची तेव्हा असंच सांगायची. शब्दाला शब्द लिहितो आहे:

"मनाली, तू चुकली तं चुकली. आमाले काई त्याचं नाही. पण तोंड नाही म्हनते, हे काय बोलनं झालं? पौर्णिमा काय वर्साची एकच असते काय? दर महिन्याले येते. पुढच्या पौर्णिमेले तू ये. गाळून वाचलं म्हून मी तुह्या मामाले दोन शब्द बोलीन, तुले नाही."

माझा राग अजून आहे, पण तू समोर आलीस की तो टिकणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लवकर ये.

आजीने सांगितलं ते वर उतरवलं आहे. लिहून झाल्यावर तिने ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. यातलं काही गाळलेलं नाही.

तुझा,
प्रेमानंदमामा